भुकेचं ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सलग सहा वर्षं मी तोंडात टाकलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली. आधी वहीत, मग फोनमध्ये. सकाळी उठले की दिवसाचा कॅलरींचा आकडा ठरलेला असायचा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास तो संपत आलेला असायचा. पुढचे पाच-सहा तास कसे काढायचे, हा रोजचा प्रश्न. मग पाणी प्यायचं, दात घासून टाकायचे, लवकर झोपायचं. त्या काळात मला कुणी विचारलं असतं, ‘तुला आत्ता भूक लागलीय का?’, तर उत्तर द्यायच्या आधी मी फोन उघडून बघितलं असतं. भूक पोटात लागते, हे मी विसरूनच गेले होते.

‘शरीराचं ऐका’ हे वाक्य आता जिकडेतिकडे कानावर पडतं. मला ते मनापासून पटतं. पण ते इतक्या सहज सांगितलं जातं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शरीर बोलतं कसं? ते नेहमी खरंच बोलतं का? आणि वर्षानुवर्षं तक्त्यावर जगलेल्या माणसाला आतून काही ऐकूच येत नसेल, तर त्यानं काय करायचं? हे न सांगता नुसतं ‘ऐका’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला पाण्यात ढकलण्यासारखं आहे. म्हणून मुळापासून बघू.

भूक कुठून येते

पोटात कावळे ओरडायला लागले की आपण म्हणतो, भूक लागली. तो आवाज मात्र निव्वळ भुकेचा नसतो. खाल्लेलं पचून पुढे सरकलं की साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून आतड्यांपर्यंत आकुंचनाची एक लाट जाते आणि उरलेसुरले कण, पाचकरस पुढे लोटते. ही आतली झाडलोट. पोट रिकामं असतं म्हणून तिचा आवाज घुमतो.

भुकेची खरी हाक घालणारा एक निरोप्या १९९९ मध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांना सापडला. त्याचं नाव घ्रेलिन. हे हार्मोन मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला ‘आता खायला हवं’ असं कळवतं. जेवणाआधी ते चढतं, जेवल्यावर उतरतं. विशेष म्हणजे ते आपल्या जेवणाची वेळ शिकून घेतं. रोज एकला जेवणाऱ्या माणसाचं घ्रेलिन एक वाजायच्या आधीच चढू लागतं. आणि वेळ टळली, जेवण झालंच नाही, तर काही वेळानं ते आपोआप खालीही येतं. ‘भूक मेली’ असं आपण म्हणतो ते हेच. हार्मोन सापडण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या भाषेला ही गोष्ट ठाऊक आहे. पण मेलेली भूक म्हणजे भागलेली भूक नव्हे. हाक थांबलेली असते, गरज तशीच असते. दुपारी मेलेली भूक रात्री परत येते, तेव्हा तिला भूक म्हणवत नाही. तेव्हा खा खा सुटलेली असते.

‘पुरे’ हा निरोप वेगळ्या वाटेनं जातो. जठर ताणलं गेलं की त्याच्या भिंतीतली मज्जातंतूंची टोकं ते ओळखतात आणि व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूमार्फत मेंदूला कळवतात. अन्न लहान आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-वन असे हार्मोन सुटतात. या सगळ्याला वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं तरी. जो दहा मिनिटांत ताट रिकामं करतो, त्याला ‘पुरे’ ऐकू येतं तेव्हा तो हात धुऊन उठलेला असतो. पोटाला तडस लागते ती बहुतेक वेळा यामुळेच.

ही झाली एका जेवणाची गोष्ट. महिन्यांचा आणि वर्षांचा हिशेब लेप्टिन नावाचं हार्मोन ठेवतं. त्याचं जनुक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक, त्यावरून हे नाव पडलं. लेप्टिन चरबीच्या पेशींत तयार होतं. साठा भरपूर असेल तर लेप्टिन जास्त, साठा घटला की कमी. लेप्टिन घसरलं की मेंदू त्याचा एकच अर्थ लावतो: अन्न संपत चाललंय. आपण हे आपण होऊन करतोय, आरशासाठी करतोय, की कुणाच्या एका टोमण्यामुळे करतोय, हे त्याला कळायला मार्ग नाही. तो भूक वाढवतो, जास्तीचा खर्च आवरतो आणि आपलं लक्ष पुन्हा पुन्हा अन्नाकडे वळवत राहतो. हा त्याचा आपल्याला जगवण्याचा प्रयत्न असतो. आपण त्याला ‘माझा स्वतःवर ताबा नाही’ असं नाव देतो.

या यादीत मला सगळ्यात चकित केलं ते आठवणीनं. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या दोन रुग्णांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. या दोघांना काही मिनिटांपूर्वी घडलेलंही आठवत नसे. त्यांना जेवायला वाढलं, ताट उचललं आणि थोड्या वेळानं ‘जेवण तयार आहे’ म्हणून पुन्हा ताट पुढे ठेवलं. ते पुन्हा जेवले. तिसऱ्यांदा ताट आलं तेव्हाही बहुतेक वेळा त्यांनी खायला सुरुवात केली. पोट ताणलेलं होतं, हार्मोन आपापलं काम करत होते. फक्त ‘मी जेवलो’ ही आठवण नव्हती. पोट भरणं आणि जेवण झाल्याची खात्री पटणं या दोन गोष्टी आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. पडद्याकडे बघत जेवलेलं जेवण नीट आठवत नाही, आणि अशा जेवणानंतर पुढच्या वेळी माणूस जास्त खातो, हे नंतरच्या प्रयोगांतही दिसलं आहे.

आता शरीर बोलत नाही असं कोण म्हणेल? उलट ते एकाच वेळी चार तोंडांनी बोलतं. अडचण आपल्या ऐकण्यात आहे, आणि ऐकणं बिघडवण्यात नियमांचा वाटा फार मोठा आहे.

नियमांना शरीर काय उत्तर देतं

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात असंख्य लोक उपाशी होते आणि त्यांना पुन्हा उभं करताना काय आणि किती खायला द्यायचं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ निरोगी तरुणांबरोबर एक प्रयोग सुरू केला. शस्त्र हाती घेणं मनाला पटत नाही म्हणून सैन्यात जायला नकार दिलेली ही मुलं प्रयोगात स्वखुशीनं आली होती. पहिले १२ आठवडे त्यांना नेहमीसारखं पुरेसं जेवण मिळालं. पुढचे २४ आठवडे दिवसाला साधारण १५७० कॅलरी, आणि जोडीला आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. १५७० हा आकडा जरा लक्षात ठेवा. वजन कमी करण्याच्या आजच्या कितीतरी तक्त्यांत याहून कमी आकडा लिहिलेला असतो, आणि त्याला कुणी उपासमार म्हणत नाही.

सहा महिन्यांत त्यांचं वजन पाव हिश्श्यानं घटलं. पण त्या वर्णनात मी अडकून राहिले ती वेगळ्याच जागी. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. एकेक जेवण दोन-दोन तास पुरवायचे. ताटं चाटूनपुसून घ्यायचे, सारखे च्युइंगम चघळायचे. सतत थंडी वाजायची. हसणं-बोलणं आटलं, चिडचिड वाढली, मैत्री-प्रेम यांतला रस गेला. हे वाचताना मला रात्री अंथरुणात पडून उद्याच्या नाश्त्याचे आकडे जुळवणारी मी आठवले. मी त्याला शिस्त समजत होते. ती भूक होती.

बंधनं उठल्यावर त्या मुलांपैकी काहींनी एका दिवसात कित्येक हजार कॅलरी खाल्ल्या. पोट दुखेपर्यंत खाऊनही भूक भागत नाही, असं ते सांगत राहिले, आणि हे दिवसांत नव्हे, महिन्यांत निवळलं. वजन परत आलं, चरबी तर आधीपेक्षाही जास्त झाली. ही मुलं मनानं दुबळी होती असं कुणीही म्हणू शकणार नाही. सहा महिने अर्धपोटी राहून ती प्रयोगाला चिकटून राहिली होती.

हे फार जुनं झालं असं वाटत असेल तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास बघा. मेलबर्नच्या संशोधकांनी जास्त वजनाच्या ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभरानंतर पुन्हा तपासलं तेव्हा बरंचसं वजन परतू लागलं होतं, तरी लेप्टिन अजून खालीच होतं, घ्रेलिन वरच होतं, आणि लोकांना भूक सुरुवातीपेक्षा जास्त लागत होती. म्हणजे आहार संपून वर्ष झालं तरी शरीराच्या लेखी दुष्काळ संपलेला नव्हता.

शरीराबरोबर मनही उत्तर देतं. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी कॉलेजमधल्या मुलींवर एक साधा प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. मग चव तपासायच्या निमित्तानं सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. खाण्याबद्दल विशेष विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्लं. सरळ आहे, पोटात काहीतरी गेलं होतं. पण ज्या मुली एरवी खाण्यावर सतत लगाम ठेवायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडला होता, आता थांबायला कारणच उरलं नव्हतं. ‘नाहीतरी आजचा दिवस गेलाच’ हे वाक्य ज्यानं कधी ना कधी मनाशी म्हटलंय, त्याला हा प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको. भुकेच्या जागी नियम बसवला की खायला सुरुवात नियमानं होते आणि थांबणंही नियमावरच अवलंबून राहतं. नियम तुटला की ब्रेकच उरत नाही.

ज्यांनी अजून कुणी शिकवलं नाही ते कसे खातात

तान्ह्या मुलाला भरवताना बघा. पोट भरलं की ते मान वळवतं. चमचा पुढे आला तर ओठ घट्ट मिटून घेतं, हातानं बाजूला सारतं, तरीही घास कोंबला तर जिभेनं बाहेर ढकलतं. इतकं स्वच्छ ‘नको’ मोठेपणी क्वचितच कुणाला जमतं. आणि त्यावर आपण काय करतो? ‘हा शेवटचा, एवढा एकच.’ प्रेमापोटीच करतो. पण त्या एका घासात आपण मुलाला शिकवतो की तुझ्या पोटापेक्षा माझ्या हातातला चमचा जास्त शहाणा आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून काही वर्षं नुकती दूध सोडत असलेली १५ मुलं एका संस्थेत सांभाळली. काय खायचं आणि किती, हे त्यांनी पूर्णपणे मुलांवर सोडलं. समोर वेगवेगळ्या वाट्या ठेवल्या जायच्या. शेजारी परिचारिका चमचा घेऊन गप्प बसायची. मूल ज्याच्याकडे हात नेईल त्यातलंच भरवायचं, ‘हे खा’ म्हणायचं नाही, कौतुक नाही, नाराजी नाही. एकेक जेवण विचित्रच असायचं. एखादं मूल सकाळी संत्र्याचा रस आणि यकृत खायचं, एखादं रात्री अंडी, केळी आणि दूध. कोणत्याही आहारतक्त्यात न बसणारं. पण महिन्यांचा हिशेब केल्यावर मुलं चांगली वाढलेली, धडधाकट. एका मुलाला मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार झाला होता. त्याच्या ताटात कॉड लिव्हर ऑइलचा, म्हणजे ड जीवनसत्त्व असलेल्या माशाच्या तेलाचा पेलाही ठेवलेला असायचा. हाडं बरी होईपर्यंत तो ते कमी-जास्त पीत राहिला आणि मग त्यानं ते सोडलं.

ही गोष्ट ‘शरीराला सगळं कळतं’ याचा पुरावा म्हणून पुष्कळदा सांगितली जाते. ती अर्धी सांगितली जाते, आणि याचं मला वाईट वाटतं. उरलेली अर्धी स्वतः डेव्हिस यांनीच सांगून ठेवली आहे. त्यांच्या यादीत एकूण ३४ पदार्थ होते आणि सगळे साधे होते: फळं, भाज्या, धान्य, दूध, अंडी, मांस. साखर घातलेलं किंवा कारखान्यात तयार झालेलं काहीच नव्हतं. खरी किमया या यादीत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांनी कसंही निवडलं तरी फार चुकायला जागाच नव्हती.

१९९१ मध्ये लिअ‍ॅन बर्च यांनी दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचं खाणं मोजलं. एका जेवणाचं प्रमाण दुसऱ्या जेवणाशी जुळेना, ते सरासरी एक तृतीयांशानं वरखाली व्हायचं. दिवसाची बेरीज मात्र दहा टक्क्यांच्या आसपासच हलत होती. सकाळी भरपूर खाल्लेलं मूल दुपारी आपोआप कमी खायचं. ज्या आईबापांना एका जेवणावरून काळजी लागते, त्यांनी आठवड्याकडे बघावं. स्वतःच्या जेवणाबद्दलही तेच.

शरीर फसतं तेव्हा

मग मोठेपणी आपण सगळे असेच का खात नाही? एक कारण नियमांचं, ते सांगून झालं. दुसरं कारण समोर काय ठेवलंय याचं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढांना चार आठवडे संशोधनगृहातच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे पाकिटातलं तयार अन्न, आणि दोन आठवडे साधं, कमीत कमी प्रक्रिया केलेलं. दोन्हीकडे वाढलेल्या ताटात कॅलरी, साखर, चरबी, तंतू यांचं प्रमाण सारखं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, शिवाय भराभर खात होती. त्या दोन आठवड्यांत सरासरी ९०० ग्रॅम वजन वाढलं, दुसऱ्या दोन आठवड्यांत तेवढंच उतरलं. चवीला दोन्ही जेवणं जवळपास सारखीच आवडली होती.

याचा अर्थ पाकिटातलं अन्न पाप आहे असा मी लावत नाही. एकदा यादीत ‘वाईट’ शब्द आला की पुन्हा तो मिल्कशेकचा प्रयोग सुरू होतो. अर्थ एवढाच की मऊ, चटकन गिळता येणारं, थोड्या आकारात खूप ऊर्जा असलेलं अन्न ‘पुरे’ या निरोपाच्या पुढे धावतं. सिडनीत १९९५ मध्ये सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ एकसारख्या कॅलरींत देऊन त्यांनी पोट किती भरतं हे मोजलं, तेव्हा उकडलेला बटाटा सगळ्यांत वर आला आणि क्रॉसाँ हा लोण्याचा फ्रेंच पाव सगळ्यांत खाली, जवळजवळ सात पटींचा फरक. शरीराचा आवाज आपल्याला ऐकू यावा असं वाटत असेल, तर रोजच्या जेवणाचा पाया चावून खायच्या साध्या अन्नाचा असणं बरं. बाकीच्याला जागा आहेच.

झोपेचंही असंच. २००४ मधल्या एका अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर गेलं. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी खा खा सुटली तर स्वतःच्या स्वभावाला दोष देण्यात काही हशील नाही.

ऐकू यायला लागावं म्हणून

शरीराच्या आतलं जाणवणं हीसुद्धा पाहण्या-ऐकण्यासारखी एक संवेदनाच आहे. तिच्यासाठीचा शब्द ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्येच घडवला, आपण तिला अंतःसंवेदना म्हणू. काहींना स्वतःच्या हृदयाचे ठोके हात न लावता मोजता येतात, काहींना काहीच जाणवत नाही. भुकेचंही तसंच. त्यामुळे ‘मला तर काही कळतच नाही’ असं वाटलं तर आपल्यात काही कमी आहे असं समजू नये. वापर थांबला की ही जाणीव बोथट होते.

१९९५ मध्ये एव्हलिन ट्रिबोल आणि एलिस रेश या दोन अमेरिकन आहारतज्ज्ञांनी आतल्या संकेतांनुसार खाण्याची पद्धत दहा तत्त्वांत मांडली आणि ती जगभर पोचली. मी त्या दहांची यादी देत नाही, कारण याद्यांचाच त्रास होऊन आपण इथवर आलोय. मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

सगळ्यात आधी मी वेळेवर जेवायला लागले. भूक लागो न लागो, तीन-चार तासांनी काहीतरी पोटात. मला सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना मी म्हणाले, ‘ताई, हाही नियमच झाला की.’ त्या म्हणाल्या, ‘हाड जुळेपर्यंत प्लास्टर असतं ना, तसं समजा.’ घ्रेलिन वेळ शिकतं हे वर आलंच आहे. अन्न नक्की येणार याची शरीराला खात्री पटली की भूक ठरल्या वेळी, बेताची लागायला लागते. मला सुमारे दोन महिने लागले. एके दिवशी काम करता करता पोटाच्या वरच्या भागात एक पोकळ, हलकी ओढ जाणवली. घड्याळ न बघता ती भूक आहे हे मला कळलं. इतकी साधी गोष्ट, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भूक कशी ओळखायची, तर ती प्रत्येकात वेगळी दिसते. कुणाचं पोट पोकळ वाटतं, कुणाचं लक्ष लागेनासं होतं, कुणी उगाच चिडतं, कुणाचं डोकं दुखतं, कुणी थरथरतं. शेवटची दोन लक्षणं म्हणजे फार उशीर झालेला असतो. एक ते दहा अशी पट्टी मनात धरावी, एक म्हणजे भुकेनं जीव कासावीस, दहा म्हणजे श्वास घ्यायला जागा नाही. तीन-चारला जेवायला बसावं, सहा-सातला उठावं. एकच्या भुकेनं बसलेला माणूस सातला थांबू शकत नाही, त्यामुळे पोट भरल्यावर थांबायचं कसं हा प्रश्न पडला की आधी जेवायला बसायची वेळ तपासावी.

जेवता जेवता मध्येच एकदा चमचा खाली ठेवावा आणि घास तोंडात असतानाच चवीकडे लक्ष द्यावं. पहिल्या घासाची चव आणि पंधराव्याची चव सारखी नसते. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची गोडी उतरत जाते, दुसऱ्याची उतरत नाही. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे नीट तपासून दाखवलं. पोट भरलं म्हणतो आणि गोडाला जागा निघते ती यामुळे. चव फिकी पडली ही थांबायची फार चांगली खूण आहे, पोट जड होण्याच्या कितीतरी आधी मिळणारी. लक्ष नसेल तर नेमकी हीच निसटते.

सगळ्यांत अवघड होतं ते वर्ज्य गोष्टींना घरात घेणं. मी चॉकलेट सहा वर्षं घरात ठेवलं नव्हतं. ताईंनी सांगितलं, आणा, ड्रॉवरमध्ये ठेवा, हवं तेव्हा खा, आणि खाल्लं म्हणून रात्रीचं जेवण कापू नका. पहिल्या आठवड्यात मी रोज खाल्लं, एकदा तर जेवणाऐवजी. मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या आठवड्यात थोडं कमी. महिनाभरानं कागद शोधताना ड्रॉवरमध्ये मागे सरकलेली अर्धी वडी दिसली, कडेनं पांढुरकी पडलेली. ती तिथे आहे हे मी विसरले होते. ‘उद्या मिळणार नाही’ ही भीती गेली की आजच संपवायची घाई जाते, हे त्या वडीनं मला शिकवलं.

आणि मनाची भूक? कंटाळा, एकटेपणा, ताण यांतही हात डब्याकडे जातो. त्यात गुन्हा काही नाही, अन्नानं धीर मिळतो हे खरंच आहे. फक्त तेवढ्या वेळी स्वतःला विचारावं की मला अन्न हवंय की विसावा. कधी उत्तर ‘अन्न’ येईल. मग खावं, बसून, चवीनं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अशा खाण्यानं वजन कमी होतंच असं नाही. ज्यांचा अभ्यास झाला त्यांच्यात अधाशीपणे खाणं कमी दिसतं, स्वतःच्या शरीराबद्दलची घृणा कमी दिसते, वजन बहुधा स्थिरावतं. कुणाचं थोडं वाढतं, कुणाचं उतरतं. हे वजन घटवायचं गुपित म्हणून कुणी विकत असेल तर ते पुन्हा एक डाएटच विकताहेत, फक्त वेष्टन बदलून.

कुणी फक्त शरीरावर सोडू नये

काही वेळा आतला आवाज खरोखर भरवशाचा नसतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहीला कर्बोदकं मोजावीच लागतात. मूत्रपिंडाचा आजार, सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आतड्यांचा आजार), अन्नाची अ‍ॅलर्जी यांत पथ्य हा उपचारच आहे. स्टेरॉइड घेताना भूक अवाजवी वाढते, काही औषधांनी ती मरते. अ‍ॅनोरेक्सियासारख्या, खाणंच टाळायला लावणाऱ्या मानसिक आजारात भुकेचे संकेत इतके विस्कटलेले असतात की सुरुवातीला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील तेवढं, सांगतील तेव्हा खाणं हाच मार्ग असतो, आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणं जिवावर बेतू शकतं. कारण नसताना आठवडेच्या आठवडे भूक लागत नसेल किंवा वजन घटत असेल तर मनन करत बसू नये, तपासून घ्यावं.

पथ्य पाळणाऱ्यालाही ऐकता येतं, बरं का. काय खायचं हे आजार ठरवत असेल, तरी घास कधी पुरे झाला हे त्याचं पोट सांगू शकतं.

आणि म्हातारपण. वय वाढलं की भूक आणि तहान दोन्ही मंदावतात, वास आणि चवही कमी कळते. घरातलं वडीलधारं माणूस ‘मला भूकच नाही’ म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच काही जाणवत नसतं. पण अंगाला अन्न हवंच असतं. त्यांच्यापुढे वेळ झाली की ताट ठेवावं, बाजूला पाण्याचा पेला ठेवावा, आणि जमलं तर आपलंही ताट घेऊन शेजारी बसावं. सोबत असली की चार घास जास्त जातात.